शालूला कात्री न लावता

कापडे, ता. पोलादपूर
१९ जानेवारी २०२४

ती. स्व. दादास,
आवडीचा सा. न. वि. वि.

चुलीपुढे बसून लिहिते आहे, तेव्हा कागदाला धुराचा वास आला तर नाक मुरडू नकोस. वहिनीने पाठवलेला तिळगूळ पोचला. सासूबाईंना तो फार कडक लागला, असं त्यांनी तीनदा सांगितलं आणि अर्धा डबा एकट्यांनीच संपवला.

फोन असताना पत्रं कसली लिहितेस म्हणून तू चिडवतोस. दादा, आमच्याकडे रेंज फक्त ओट्याच्या कोपऱ्यात आहे आणि तिथे सासूबाईंची बैठक आहे. फोन वाजला की त्या स्वतःच स्पीकर लावतात. तू शिंकलास तरी आळीला कळतं. पण त्या शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून या घरात कागद हीच एक कुलपातली जागा आहे. आपले बापू तुडीलच्या पोस्टात होते आणि त्यांनी आपल्या दोघांना पत्रांची सवय लावली, त्याचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसेल.

आता खरी बातमी. शेजारची श्रुतिका पोलादपूरच्या कॉलेजात आहे. परवा त्यांच्या स्नेहसंमेलनात ती राणी झाली होती आणि तिचा पायघोळ अंगरखा मी केला. कशाचा, ते ऐकून घाबरू नकोस. सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचा. डाळिंबी रंगाचा, जरीचा, ट्रंकेत सगळ्यात तळाशी असतो तो. याआधीही दोन वर्षं मी तो असाच काढला होता, तुला सांगितलं नव्हतं. त्या दोन दिवस त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या.

कात्री लावली नाही हं. माझी पद्धत तुला माहीत नाही. सगळं घड्या घालून करायचं. कंबरेला निऱ्या आत दुमडायच्या, पदराच्या दोन बाह्या वळवायच्या, आणि मशीनचा टाका सगळ्यात मोठा ठेवून लाल धाग्याने नुसता धावदोरा घालायचा. लाल अशासाठी की उसवताना एकही धागा नजरेतून सुटू नये. अंगरखा सकाळच्या एसटीने गेला, संध्याकाळी परत आला, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो उसवला. सुईची भोकं बुजायला ओलं फडकं ठेवून वरून निखाऱ्यांचा तांब्या फिरवला. शालू होता तसा ट्रंकेत गेला. त्याच्या काठावर लग्नातल्या होमाची ठिणगी पडून जळालेलं एक भोक आहे, ते सासूबाईंच्या आईने पिवळ्या धाग्याने रफू केलेलं. तेवढं सोडून त्यावर कुणाची खूण नाही. माझीही नाही.

पाच वर्षांत असे अकरा पोशाख केले. त्यातला एकही आज नाही आणि एकही मी रंगमंचावर पाहिलेला नाही. पदरात मूल नाही म्हणून मन रमवायला आपल्या आईचं मशीन इथे आणू दिलं, पण त्यावर ब्लाउज आणि पिशव्या, एवढंच. राजाराण्यांचे कपडे म्हणजे तमाशाचे चाळे, असं या घरात पक्कं ठरलेलं आहे. दादा, मला एकच हवं आहे. एक तरी पोशाख असा शिवायचा की जो दुसऱ्या दिवशी उसवावा लागणार नाही.

श्रुतिकाने पोलादपुरात फोटो छापून आणला, तो तुला पाठवते. इथे ठेवायला जागा नाही. आणि तुझ्या कादंबरीचं काय? ती राणी अजून गडावरच का?

तुझा लोभ आहेच, तो असाच पक्क्या टाक्याचा राहू दे.

तुझी,
आवडी

*

महाड
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. आवडीस,
मुरारीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र कचेरीसमोर टपरीतच वाचलं. समोर एक गृहस्थ वारसदाखल्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला बसले होते. मी वाचता वाचता हसलो, तर त्यांना वाटलं त्यांच्या चुलत्याच्या मरणाला हसलो. त्यांची समजूत काढावी लागली.

फोटो पाहिला आणि खरं सांगतो, पुन्हा पुन्हा पाहिला. तो शालू आहे हे मला माहीत नसतं तर कुणा मोठ्या नाटक कंपनीचा पोशाख म्हटला असता. आपल्या आईचा हात आला आहे तुझ्याकडे.

कादंबरी पुरी झाली. ‘कोंडगडची राणी’, दोनशे ऐंशी पानं. पहिलं हस्तलिखित एकवीसच्या पुरात सावित्री नदी वाचायला घेऊन गेली, तिने अजून परत केलेलं नाही. हे दुसरं. पंधरा वर्षं लोकांसाठी ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ लिहिल्यावर स्वतःचं एक वाक्य लिहायला किती कष्ट पडतात हे तुला सांगून कळणार नाही. राणीसुद्धा मधूनच सत्यप्रतिज्ञेवर रडते.

राणी गडावरच आहे, हा तुझा आरोप मान्य. नवऱ्याच्या मागे दिरांनी तिला गडावर अडकवून ठेवलं आहे, आणि मी जेव्हा जेव्हा दरवाजा उघडायला जातो तेव्हा तेव्हा तुझी वहिनी जेवायला हाक मारते. शेवटी पुस्तक संपलं, ती वरच राहिली.

प्रकाशक कुणी मिळाला नाही म्हणून मीच काढतो आहे. आपल्या इस्माईलभाईंचा छापखाना लग्नपत्रिकांचा आहे, पण ते म्हणाले की पत्रिकेत दोन पानं, तुझ्यात जास्त, एवढाच फरक. दोनशे प्रती. त्या ठेवायच्या कुठे यावरून घरात वाद झाला. महाडात किमती वस्तू खाली कुणी ठेवत नाही हे तू जाणतेस. माळ्यावर सगळ्यात वर टीव्हीची जागा, त्याखाली वहिनीची स्टीलची भांडी, त्याखाली माझी कादंबरी, असा निकाल लागला. पुरात पहिला मीच बुडणार.

मुखपृष्ठाला चित्र नव्हतं. आता सुचलं आहे. काय ते सांगत नाही, हातात पडेल तेव्हा बघ.

माया आहेच, तिला दाखल्याची गरज नाही.

तुझा,
दादा

*

कापडे
१४ एप्रिल २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

शिमग्याला हे मुंबईहून आले होते. पाच दिवस राहिले, त्यातले तीन पालखीत गेले. मी हिय्या करून सांगितलं की मला मखमल हवी आहे, माझ्या स्वतःच्या कापडाचा एक राजपोशाख शिवायचा आहे, गावच्या मंडळाच्या पेटीत कायमचा राहील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले की माझी काय ना नाही, आईला विचार. हे वाक्य लग्नाला चौदा वर्षं झाली तरी झिजलेलं नाही. त्यांच्यावर रागावता येत नाही हीच पंचाईत आहे, दादा. वाईट माणूस असता तर भांडले असते.

आईला विचारलं. सासूबाई भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

पाडव्याला ट्रंकेतल्या साड्यांना ऊन दाखवतात. सासूबाईंनी शालू अंगणात पसरला आणि बराच वेळ त्याच्यापाशी वाकून बसल्या. मी दाराआडून बघत राहिले. नंतर घडी घालून त्यांनी तो नेहमीसारखा ठेवून दिला. सुटले.

मुखपृष्ठाचं एवढं काय गुपित? गडाचं चित्र असेल. तुला दुसरं काय सुचणार.

राग नाही ना? नसेल तर लोभ असू दे.

आवडी

*

महाड
१२ मे २०२४

चि. सौ. आवडीस अ. उ. आ.

घाईत चार ओळी. दाखल्यांचा हंगाम, टपरीपुढे रांग आहे, म्हणून तुमच्या आळीतल्या लग्नाला येता येत नाही. पण इस्माईलभाईंचा टेम्पो पोलादपूरला येतो आहे, त्यात पंचवीस प्रती ठेवल्या आहेत. लग्नात आहेर म्हणून घरटी एक द्यायला सांगितलं आहे. ताट-वाट्या सगळेच देतात. आपल्याकडून पुस्तक.

मुखपृष्ठ बघ आणि दादाला शाबासकी कळव. तू जे रंगमंचावर कधी पाहिलं नाहीस ते आता दोनशे घरांत जाईल.

तुझा,
दादा

*

कापडे
३० मे २०२४

दादा,

नमस्कार चमत्कार आज नाही.

तुझी पुस्तकं आली. मांडवात वाटली गेली. पहिलीच प्रत वरमाईच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या हातात दिली, मान म्हणून. मी पंगतीत वाढत होते. हातात भाताचं पातेलं घेऊन मी लांबून मुखपृष्ठ पाहिलं आणि पातेलं खाली ठेवलं.

त्यांना अक्षर येत नाही, दादा. पण स्वतःच्या लग्नाचा शालू ओळखायला बाईला कुठली शाळा लागते? इस्माईलभाईंनी फोटो एवढा मोठा केला आहे की काठावरचं ते पिवळं रफू रुपयाएवढं दिसतं. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवलं. किती तरी वेळ बोट तिथेच. मग पुस्तक पदराखाली घेतलं आणि वरात निघेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

घरी आल्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मशीनचं झाकण सरकवलं, खालून दोऱ्याचं शटल काढलं आणि किल्ल्यांबरोबर कनवटीला लावलं. बस. मशीन आहे तिथेच आहे. पायडल हलतं, चाक फिरतं, सुई वरखाली होते, टाका पडत नाही. आता त्याच्यावर पाण्याचा हंडा ठेवतात.

यांना फोन केला, स्पीकरवरच. ते म्हणाले की आईचा राग ओसरेपर्यंत गप्प बस. किती दिवस ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आणि आता तुझ्यावरचा राग. तू फोटो छापलास, मला न विचारता. तेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण राणीचं डोकं कुठे गेलं? मानेपासून वर काहीच नाही. नुसता अंगरखा उभा. आतलं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, शेवटचं पाहिलं. इस्माईलभाईंचं नाव आहे, टाइप करणाऱ्याचं म्हणजे तुझंच पुन्हा एकदा आहे, पुरात जीव वाचवल्याबद्दल माळ्याचेसुद्धा आभार आहेत. आवडी कुठेही नाही. अकरा पोशाख मी माझ्या हाताने उसवले, दादा. हा पुस्तकावरचा बारावा तू उसवलास.

आवडी

*

महाड
९ जून २०२४

चि. आवडीस,
अनेक आशीर्वाद देण्याची माझी लायकी आहे की नाही, ठाऊक नाही. तरी देतो.

मी खाली सही करणार मुरारी, सत्यप्रतिज्ञेवर कबूल करतो की ही चूक सर्वस्वी माझी आहे. इस्माईलभाई डोक्यासकट छापायला निघाले होते. मीच अडवलं. मला वाटलं, श्रुतिकाचं तोंड छापलं तर तिच्या घरच्यांची संमती लागेल, उद्या तिच्या लग्नात कुणी बोट दाखवेल. तुझं नाव घातलं तर तुझ्या सासरी कळेल. म्हणून तोंड काढलं, नाव काढलं. जन्मभर लोकांचे कागद कायद्यात बसवत आलो, तसाच हाही बसवला. ज्यावरून लोक ओळखतील ते सगळं झाकलं, आणि साडी राहू दिली. साडीला कोण ओळखणार, असं वाटलं. पुरुषाचीच अक्कल.

उरलेल्या प्रतींची मुखपृष्ठं मी काढून टाकली. तुझी वहिनी आणि मी दोन दिवस ओल्या फडक्याने डिंक सोडवत होतो. आता पुस्तकं उघडीच माळ्यावर आहेत. आयुष्यात पुन्हा ओळ लिहायची नाही असं ठरवलं आहे.

एक विचारतो. तू इकडे ये. मशीन घेऊन ये. आमची खोली दीड आहे आणि वहिनी तोंडाची फटकळ असली तरी तिने स्वतः सांगितलं आहे की आवडीला आणा. माळ्यावर तुझं मशीन ठेवू, पुस्तकं खाली ठेवतो. महाडातल्या माणसाने याहून जास्त काय म्हणावं?

लोभ कर असं म्हणवत नाही. पत्र तेवढं टाक.

दादा

*

कापडे
२७ जुलै २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला, कारण लावणी. दिवसभर गुडघाभर चिखलात. कशेडीत दरड आल्याने बरीच वाहतूक अडकली, आठ दिवस वीज नाही, फोनही बंद. सासूबाईही लावणीला खाली उतरतात. कंबरेत वाकल्या की किल्ल्या आणि शटल वाजतं. माझ्या पुढच्या ओळीत त्या, आणि दिवसभर तो आवाज. एखादीला वेड लागेल.

तुझ्याकडे यायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पिशवीसुद्धा काढली. पण आले तर आठ दिवस माहेरवाशीण, नवव्या दिवशी ही का आली हा प्रश्न. तुझी खोली दीड. इथे म्हातारी एकटी, रोपं शेतात. आणि मशीन घेऊन आले तरी ते शटलाशिवाय नुसतं लोखंड. तू म्हणशील दुसरं शटल घेऊ. घेता येईल, कळतं मला. पण मग मी पळून गेलेली, आणि मला पळायचं नाही, शिवायचं आहे. हे तुला पटणार नाही. मलाही रोज पटत नाही. काही दिवस तर असं वाटतं की मीच ट्रंकेत आहे, वर डांबरगोळ्या घातलेली.

आता एक गंमत ऐक, म्हणजे गंमत आहे की काय ते तूच ठरव. पावसाने घरात कोंडून घातल्यावर सासूबाईंनी ते पुस्तक काढलं, तांदळाच्या कणगीमागून. माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या की वाच, यात माझ्याबद्दल काय काय लिव्हलंय ते मला कळूं दे. मी सांगितलं की तुमच्याबद्दल काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणून रोज दुपारी जेवणं झाल्यावर मी मोठ्याने वाचते आणि त्या सुपात तांदूळ निवडत ऐकतात.

तुझे पहिले वाचक म्हणजे आम्हा दोघी. सासूबाईंच्या हरकती अशा. गडावर पाणी कुठून आणतात ते तू चाळीस पानांत सांगितलेलं नाहीस. राणी तीन दिवसांत एकदाच जेवली. सहा महिने गडावर आहे तर धुणं कोण धुतं? आणि दीर एवढे वाईट का आहेत? कुणी एवढं सरळ वाईट नसतंय, असं त्यांचं म्हणणं. मी हसले. त्याही हसणार होत्या, पण त्यांना आठवलं की आपण रागावलेल्या आहोत.

डोक्याविना ते चित्र मात्र त्या वाचायला बसताना नेहमी उलटं ठेवायला लावतात.

लिहायचं सोडू नकोस. आपल्या दोघांची दोन्ही मशीनं बंद पडायला नकोत.

राग निम्मा उतरला आहे. उरलेल्या निम्म्यात लोभही आहे.

तुझी,
आवडी

*

महाड
१५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. आवडीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून वहिनीला ऐकवलं. ती म्हणाली की सासूबाईंच्या सगळ्या हरकती बरोबर आहेत, तीही हेच सांगत होती, तेव्हा मी ऐकलं नाही. पाण्याचं टाकं आता दुसऱ्याच पानावर घातलं आहे. राणी रोज जेवते. दिरांपैकी धाकट्याला थोडा चांगला केला आहे. म्हणजे लिहायला बसलो हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

फक्त शेवट सुटत नाही. पाच वेळा लिहिला. एकदा राणी दोर लावून उतरली, ते मलाच खरं वाटलं नाही. एकदा सैन्य आलं, पण सैन्य कुठून आणायचं? मी तिला वर ठेवून बसतो आणि मला तू दिसतेस. मग टपरी बंद करून घरी जातो.

गणपतीत सुनीलराव मुंबईहून आले असतील. शटलाबद्दल बोलले का?

तुझ्या उरलेल्या निम्म्यावर जगतो आहे.

दादा

*

कापडे
२१ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हे आले, आरत्या म्हटल्या, गेले. शटलाचा विषय निघाला तेव्हा त्यांना नेमकी गौरीची फुलं आणायची होती.

पण परवा काय झालं ते सांगते. भात झोडून झालं, घरात आलं. पुस्तक त्याआधीच वाचून संपलं होतं. शेवटचं पान झालं तेव्हा सासूबाई सूप उचलून आत गेल्या होत्या. परवा दुपारी त्यांनी दार लावलं, कडी घातली, ट्रंकेतून शालू काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या की कसा केलास ते मला दाव.

मशीन बंद, म्हणून हातानेच धावदोरा घातला. त्या समोर बसून बघत होत्या. मधेच त्यांनी कनवटीतून एक पुरचुंडी काढली. दादा, तिच्यात लाल धाग्यांचे तुकडे होते, बोटभर, नखभर. म्हणाल्या की दर पाडव्याला शालूतून वेचते मी हे, तू नीट उसवत नाहीस. तीन वर्षांचे होते. त्यांना सगळं माहीत होतं. एवढा काळ मी ज्याच्यासाठी जीव मुठीत घेऊन जगले ते त्या पुरचुंडीत बांधून फिरत होत्या.

मग राग कशाचा होता, हे मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी लिहीत नाही. त्यांनाच तुला कळवायचं आहे. माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, सोबत आहे. मी एकही शब्द बदललेला नाही. एके ठिकाणी बदलावा असं फार वाटलं, तरी नाही.

अंगरखा अजून उसवलेला नाही. तिसरा दिवस आहे. मी रोज सकाळी उठून आधी तो बघते.

लोभ पूर्ण. निम्मं काही उरलं नाही.

तुझी,
आवडी

*

कापडे
२१ नोव्हेंबर

चि. मुरारीस चंद्राबाईचा आशीर्वाद.

मी सांगतंय आन् तुजी भैन लिव्हतंय. तिनं काय खाडाखोड केली तर मला कळनार नाय, पन तशी ती नाय.

तुजं पुस्तक आयकलं. बरं हाय. लय रडतंय ती राणी, येवडी कुनी रडत नाय, कामं पडलेली असतात. पन बरं हाय.

आता माजा राग आयक. शालू वापरला म्हनून राग नव्हता रे. कापड हाय, ट्रंकंत पडून कुजलं असतं. राग तुज्या चित्राचा. मी सतरा वर्साची व्हते तवा तो शालू नेसले. येकदाच. लग्नात फोटूवाला आला व्हता म्हाडातनं, येकच फोटू काडला. त्यात माजी मान खाली, वरनं पदर, पुढं मुंडावळ्या. तोंडच नाय दिसत. मालक गेले तवापासनं शालू ट्रंकंत. आन् चाळीस वर्सानी तो शालू नेसलेली बाय परत बगितली ती लग्नाच्या मांडवात, तुज्या पुस्तकावर, आन् तिला मुंडकंच नाय. मला वाटलं, मीच हाय ही. आरं, तुमी पुरूष मानसं बायचं तोंड येवडं कशाला घाबरता?

तर आता असं कर. सोबत फोटू हाय. दार लावून काडला, श्रुतिकानं. आवडीनं केलेला आंगरखा माज्या अंगावर हाय. रांडमुंड बायनं शालू घातला म्हनून गाव बोलंल. बोलूं दे. मान वर हाय, बगून घे. पुस्तक परत छापशील तवा हा लाव, मुंडक्यासकट. आन् कुनी शिवला ते बी लिव्ह, आवडीचं नाव, मोट्या अक्षरात. मला वाचता नाय आलं तरी मी हात लावून बगीन.

राणीला उतरवायचं तुला जमत नाय म्हनं. दोर नको, सैन्य नको. दार उगडं ठेव. मंग उतरायचं का नाय, कदी उतरायचं, तिचं ती बगंल. तिला पाय हायेत.

आंगरखा उसवायचा नाय असं मी सांगितलंय. पन धावदोऱ्यावर किती दिस टिकनार तो, पक्की शिलाय पायजे. शटल द्यायला काडलं, तर लावनीच्या पान्यात, घामात माज्या कमरंला गंजून गेलंय, फिरतच नाय. तवा म्हाडातनं नवं शटल घेऊन तू सोता ये. टेम्पोत टाकू नको, तुज्या टेम्पोतनं काय येतंय ते मी बगितलंय.

गंजलेलं मातर मी कुनाला देनार नाय. ते माज्या कनवटीलाच ऱ्हाईल. घरात सासू हाय हे म्हाईत असलेलं बरं.

येशील तवा जेवूनच जायाचं.

चंद्राबाई
(अंगठा)